वाचकांचे प्रश्न : चाकांवरच्या घरातला हिवाळा

गाडीमागे जोडून न्यायच्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये संपूर्ण हिवाळा काढणाऱ्या, किंवा तसा विचार करणाऱ्या, वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. कोणाला कामाच्या ठिकाणाजवळ राहायचे आहे, कोणाच्या घराचे बांधकाम अजून पूर्ण व्हायचे आहे, तर कोणी हे राहणे केवळ आवडीने पत्करले आहे. त्यांतली काही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. तक्रार बहुतेकांची थंडीविषयी आहे. मात्र पत्रे एकापाठोपाठ वाचली की लक्षात येते, थंडी अडवण्यासाठी हवाच अडवली गेल्यामुळे यातले निम्मे त्रास उद्भवले आहेत. त्यामुळे पहिल्या दोन उत्तरांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी सुमारे सहा मीटर लांबीच्या ट्रेलरमध्ये राहतो. थंडी सुरू होताच आम्ही खिडक्यांच्या फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या आणि छतावरच्या दोन्ही झरोक्यांत फोमच्या उशा घट्ट बसवल्या. आता आत ऊब राहते, पण सकाळी काचांवरून पाणी ओघळलेले असते. परवा गादी उचलून पाहिली तेव्हा तिची खालची बाजू ओली होती आणि तिच्याखालच्या प्लायवूडवर काळे ठिपके दिसले. आमचे छत गळत असेल का?

उत्तर : तुम्ही वर्णन केले आहे त्यावरून छत गळत असण्याची शक्यता कमी वाटते. गळतीचे पाणी पाऊस पडल्यावर किंवा छतावरचा बर्फ वितळल्यावर येते, बहुधा एकाच जागी येते आणि मागे तपकिरी कडा असलेला डाग सोडते. तुमचे पाणी ज्या रात्री थंडी अधिक त्या रात्री अधिक येते आणि एकाच वेळी अनेक जागी दिसते. एका थंड सकाळी बॅटरीच्या प्रकाशात भिंतीतले स्क्रू, खिडकीची धातूची चौकट आणि कपाटाचा आतला कोपरा जवळून पाहा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पाण्याचा बारीक थेंब असेल आणि शेजारचा पृष्ठभाग कोरडा असेल, तर हे पाणी खोलीतल्या हवेतून आलेले आहे. धातूतून उष्णता झपाट्याने बाहेर जाते, त्यामुळे स्क्रूचे डोके भिंतीपेक्षा थंड पडते आणि दव आधी तेथे धरते.

आता या पाण्याचा हिशेब पाहू, कारण तो एकदा समजला की उपाय वेगळे सांगावे लागत नाहीत. २० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते. तुमच्या ट्रेलरमध्ये साधारण ३० घनमीटर हवा मावत असेल, म्हणजे ती पूर्ण संपृक्त झाली तरी तिच्यात अर्धा लिटर पाण्याइतकेच बाष्प राहील. आणि झोपलेली दोन माणसे एका रात्रीत श्वासावाटे आणि त्वचेवाटे जवळजवळ तेवढेच पाणी हवेत सोडतात. त्यात संध्याकाळचा स्वयंपाक, अंघोळीची वाफ आणि वाळत घातलेला एखादा टॉवेल यांची भर पडते. शिवाय गॅस जळतानाही पाणी तयार होते. एक किलो प्रोपेन जळाला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने निघते आणि उघड्या शेगडीवर ते सगळे खोलीतच राहते. मोठ्या घरात हे बाष्प अनेक खोल्यांत विखुरते आणि फटींतून निघून जाते. तुम्ही मात्र फटी आणि झरोके दोन्ही बंद केल्यामुळे त्याला जाण्यासाठी थंड काच आणि गादीची खालची बाजू एवढ्याच जागा उरल्या.

बाहेरची हवा आत घेतली तर ओलावा वाढेल, अशी शंका अनेकांना येते, विशेषतः बाहेर धुके किंवा पाऊस असताना. पण शून्य अंशाच्या हवेत बाष्प कितीही भरले तरी ते घनमीटरला पाच ग्रॅमच्या आतच असते. तीच हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे ती जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या तुलनेत तिच्यात असलेले बाष्प, ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. थोडक्यात, हिवाळ्यातली बाहेरची हवा ही तुम्हाला फुकट मिळणारी कोरडी हवा आहे. ती तापवायला थोडा गॅस अधिक लागेल हे खरे, परंतु कुजलेली फरशी आणि फुगलेली भिंत बदलण्याच्या खर्चापुढे तो गॅस काहीच नाही.

म्हणून एका झरोक्यातली उशी काढा आणि तो बोटभर उघडा ठेवा. त्याच्यापासून दूर असलेली एक खिडकीही तेवढीच उघडी राहू द्या, म्हणजे हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाईल. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवा आणि पंखा चालू करा; अंघोळीनंतर न्हाणीघराचा झरोका उघडून दार बंद ठेवा. कपडे आत वाळवणे शक्यतो सोडूनच द्या. आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र स्वस्तात मिळते, ते बिछान्याजवळ टांगा आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहा. २० अंशांच्या हवेची आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरू लागते. ती ४५ टक्क्यांवर आणली तर पृष्ठभाग आठ अंशांच्या खाली जाईपर्यंत कोरडा राहतो. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण त्याहूनही कमी ठेवावे लागते.

गादीखाली मात्र हवा खेळण्यासाठी मुद्दाम जागा करावी लागेल. लाकडी पट्ट्यांची चौकट किंवा त्यासाठीच मिळणारी जाडसर जाळी गादी आणि प्लायवूड यांच्यामध्ये घाला, गादी बाहेरच्या भिंतीपासून दोन बोटे दूर सरकवा आणि रोज सकाळी ती टेकवून उभी करा. भिंतीला लागून असलेल्या कपाटांची दारे रात्री किलकिली ठेवा. आतले कपडे भिंतीला चिकटले की त्यांच्यामागे खोलीची ऊब पोहोचत नाही आणि बुरशी तेथून सुरू होते. खिडक्यांना फोमचे पत्रे लावले असतील तर तेही रोज काढून काच पुसून घ्यावी, कारण पत्र्याआड काच अधिकच थंड होते आणि तिच्यावरचे पाणी दिसत नाही. काचेच्या चौकटीला सर्व बाजूंनी चिकटणारी पारदर्शक फिल्म त्यापेक्षा सोयीची असते; काच आणि फिल्म यांच्यात हवेचा थर अडकतो आणि उजेडही येतो.

हवेतला ओलावा शोषणारे यंत्र घ्यायचे ठरवलेत तर कॉम्प्रेसरचे घेऊ नका. थंड जागेत त्याच्या नळ्यांवर बर्फ जमतो आणि त्याचे काम मंदावते. ओलावा शोषणाऱ्या द्रव्याच्या चाकावर चालणारे यंत्र थंडीतही काम करते आणि चालताना थोडी ऊबही देते. कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात ठेवण्यापुरतेच उपयोगी आहेत. राहत्या खोलीतला ओलावा त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. प्लायवूडवरचे काळे ठिपके साबणाच्या पाण्याने पुसून तो भाग पूर्ण वाळवा आणि नंतर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच दाबून पाहा. लाकूड मऊ लागले तर तेवढा तुकडा कापून बदलणे भाग आहे.

प्रश्न : आमच्या ट्रेलरची भट्टी (खोली तापवणारे गॅसचे यंत्र) रात्री वारंवार चालू-बंद होते आणि तिच्या आवाजाने मुलांची झोप मोडते. त्याऐवजी स्वयंपाकाची शेगडी मंद आचेवर ठेवून झोपले तर चालेल का? घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की गॅसचा वास आला तर जाग येईलच.

उत्तर : चालणार नाही. एका रात्रीपुरतेही नाही. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची गॅसच्या वासावर भिस्त आहे, पण ज्याची भीती बाळगायची त्या कार्बन मोनॉक्साइडला वास, रंग, चव काहीच नसते. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. परंतु तो जळताना हवा अपुरी पडली की तयार होणाऱ्या विषारी वायूला तो वास नसतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट बिलगतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे तापसर्दीसारखी भासतात आणि झोपलेल्या माणसाला तीही जाणवत नाहीत. बंद ट्रेलरमध्ये उघडी ज्योत आधी ऑक्सिजन कमी करते. ऑक्सिजन कमी झाला की ज्योत नीट जळत नाही, आणि नीट न जळणारी ज्योत अधिक कार्बन मोनॉक्साइड सोडते. खेरीज लहान मुलांच्या घरात रात्रभर उघडी आच ठेवण्याचा धोका वेगळा सांगायला नको.

तुमची भट्टी यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, कारण तिची ज्योत बंद कक्षात असते, ती ज्वलनासाठी हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेर सोडते. त्यासाठी तिची बाहेरची तोंडे मोकळी हवीत. बर्फ पडल्यावर दाराबाहेर पाऊल टाकताच आधी ती तोंडे साफ करा. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या बाहेरच्या जाळ्याही अनेक जण वारा येतो म्हणून चिकटपट्टीने बंद करतात. फ्रिज गॅसवर चालू असताना तसे करू नये. कोणत्याही इंजिनाचा किंवा जनरेटरचा धूर खिडकीच्या दिशेने येता कामा नये.

कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र झोपण्याच्या जागेजवळ लावा. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका असून खोलीभर सारखा मिसळतो. गॅसगळतीचे यंत्र मात्र जमिनीलगत हवे, कारण प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने खाली साचतो. दोन्ही यंत्रांवर बदलण्याची मुदत छापलेली असते. ती उलटली असेल तर चाचणीचे बटण दाबल्यावर आवाज येत असला तरी यंत्र बदला; त्या बटणाने भोंगा तपासला जातो, वायू ओळखण्याची क्षमता तपासली जात नाही. सूचना वाजली तर कारण शोधत आत थांबू नका, मुलांना घेऊन आधी बाहेर पडा.

आवाजाचा त्रास कमी करायचा असेल तर रात्रीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरवा आणि पांघरुणे वाढवा. भट्टी कमी वेळा सुरू होईल.

प्रश्न : विजेची जोडणी आम्हाला भाड्यातच मिळते, म्हणून गॅस वाचवण्यासाठी मी विजेचा हीटर वापरतो. आत चांगली ऊब होती, तरीही गेल्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या नळाचे पाणी गोठले. ट्रेलर ‘चारही ऋतूंसाठी’ आहे असे सांगून आम्हाला विकला होता. मग असे का झाले?

उत्तर : तुमचे पाणी गोठले ते आतल्या उबेमुळेच, हे ऐकायला विचित्र वाटेल. अनेक ट्रेलरमध्ये फरशीखाली बंद पोकळी असते, तिच्यातून नळ आणि टाक्या जातात आणि भट्टीच्या गरम हवेची एक नळी तेथे सोडलेली असते. विजेच्या हीटरने खोली तापली की थर्मोस्टॅट (तापमान पाहून भट्टी चालू-बंद करणारे यंत्र) समाधानी होतो, भट्टी सुरूच होत नाही आणि फरशीखालच्या पोकळीला ऊब मिळत नाही. शून्याखालच्या रात्री थर्मोस्टॅटवरचे तापमान असे ठेवा की भट्टी मधूनमधून हमखास चालू होईल. विजेचा हीटर तिच्या मदतीला राहू द्या. सिंकखालच्या कपाटाची दारेही रात्री उघडी ठेवावीत.

‘चारही ऋतूंसाठी’ या शब्दांमागे सर्वत्र मान्य असलेले एकच मोजमाप नाही. फरशीखाली बंद पोकळी आहे का, टाक्यांना ऊब मिळते का, पाणी सोडण्याच्या झडपा त्या पोकळीच्या आत आहेत की उघड्यावर, हे स्वतः वाकून पाहिल्याखेरीज त्या शब्दांवर विसंबू नये.

बाहेरच्या नळापासून येणारा होज (लवचीक नळी) हा सगळ्यात आधी गोठणारा भाग. तो रात्री सोडवून रिकामा करा आणि ट्रेलरची आतली टाकी भरून पंपाने पाणी वापरा, किंवा विजेच्या तारेने तापणारा होज घ्या. तसा होज घेतला तरी ज्या नळाला तो जोडता तो नळही गुंडाळलेला हवा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि त्या दाबाने जोड फुटतो. तो फुटल्याचे मात्र पाणी वितळल्यावरच कळते. म्हणून गोठलेला नळ मोकळा करताना तोटी उघडी ठेवा, तोटीच्या बाजूने सुरुवात करून केस वाळवण्याच्या यंत्राने हळूहळू ऊब द्या आणि कोणी तरी फरशीखाली लक्ष ठेवा. ज्योतीचा दिवा तेथे वापरू नका. नळ प्लॅस्टिकचे असतात आणि भोवतालचा फोम पेट घेतो.

एकाच जागी महिनोन्‌महिने राहणार असाल तर ट्रेलरच्या खालच्या बाजूला चारही अंगांनी फोमच्या पत्र्यांचे किंवा जाड ताडपत्रीचे आवरण लावणे हा मला सर्वांत उपयोगी खर्च वाटतो. खालून वाहणारा वारा थांबला की फरशी आणि नळ या दोहोंचीही स्थिती सुधारते. भट्टीचा धूर त्या आवरणाच्या आत शिरणार नाही एवढी खबरदारी घ्या.

आणि विजेच्या हीटरविषयी एक सूचना : १५०० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर साडेसहा आणि १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर वीज तासन्‌तास ओढतो. तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नाही. आणि अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. प्लग गरम लागला तर ते सॉकेट बदलल्याशिवाय हीटर पुन्हा लावू नका.

प्रश्न : सिलिंडर हलवून पाहिला तर अर्धा भरलेला जाणवतो, पण पहाटे शेगडी पेटत नाही. दुपारी तीच शेगडी नीट चालते. रेग्युलेटर बिघडला असेल का?

उत्तर : आधी सिलिंडरमध्ये कोणता गॅस आहे ते पाहा. ब्युटेन शून्य अंशाच्या किंचित खाली वायुरूप होणे थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो. मिश्रण असेल तर थंडीत प्रोपेन आधी संपतो आणि उरलेला ब्युटेन द्रवरूपात तसाच पडून राहतो. सिलिंडर जड लागतो, पण ज्योत मिळत नाही. तुमची लक्षणे याच्याशी जुळतात. हिवाळ्यापुरता शुद्ध प्रोपेन घ्या. मात्र दोन्ही गॅसचे रेग्युलेटर काही ठिकाणी वेगळे असतात, ते विक्रेत्याकडून तपासून घ्या. सिलिंडरमध्ये आधीपासून प्रोपेनच असेल, तर रेग्युलेटरमध्ये ओलावा गोठला असण्याची शक्यता उरते. सिलिंडरवर उकळते पाणी ओतू नका आणि त्याला कोणत्याही प्रकारची आच दाखवू नका.

प्रश्न : बाहेरून वीज नसलेल्या जागी मुक्काम केला की मध्यरात्रीनंतर भट्टी बंद पडते. गॅस तर भरपूर असतो.

उत्तर : भट्टी गॅसवर तापते, पण तिचा पंखा बॅटरीवर फिरतो. तो सात अँपिअर घेत असेल आणि रात्रीच्या दहा तासांत निम्मा वेळ चालत असेल, तर ३५ अँपिअर-तास खर्च होतात. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज काढू नये, आणि थंडीत तिची क्षमता आणखी घटते; दिवे आणि पंप धरले की बॅटरी पहाटेपर्यंत पुरत नाही. उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी गोठून फुटूही शकते, पूर्ण भरलेली सहसा गोठत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली तर ती शून्य अंशाखाली असताना भरू नका, तिचे कायमचे नुकसान होते. ती ट्रेलरच्या आत उबेत ठेवा.

प्रश्न : सांडपाण्याच्या टाकीची झडप आम्ही कायम उघडी ठेवतो, म्हणजे पाणी आपोआप वाहून जाते. थंडीत तसे ठेवावे का?

उत्तर : ठेवू नये. थेंबथेंब वाहणारे पाणी होजमध्ये थरावर थर गोठत जाते आणि शेवटी पूर्ण मार्ग बंद होतो. झडप बंद ठेवा, टाकी बऱ्यापैकी भरली की दिवसा, थोडी ऊब असताना, एकदम रिकामी करा आणि होज निथळून आत ठेवा. झडप गोठण्याची भीती असेल तर रिकाम्या टाकीत ट्रेलरसाठी मिळणारे प्रोपिलीन ग्लायकॉलचे द्रावण थोडे ओता. गाडीच्या रेडिएटरमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते. ते ट्रेलरच्या कोणत्याही टाकीत किंवा नळात घालू नका.